नसेवर नस बसली की: चेहऱ्यातल्या करंटवाल्या दुखण्याचं ऑपरेशन कसं ठरवायचं आणि कसं निभवायचं

आमच्या आईच्या उजव्या बाजूच्या दोन दाढा फुकट गेल्या. कीड नव्हती, हलत नव्हत्या, पण कळ तिथूनच यायची म्हणून एक काढली, आठ दिवस बरं वाटलं, परत सुरू, मग शेजारचीही काढली. तिसरी काढायला ती स्वतःच तयार होऊन बसली होती तेव्हा दुसऱ्या एका दाताच्या डॉक्टरांनी सरळ नाही म्हणून सांगितलं, हे दाताचं नाही, न्यूरोवाल्यांना दाखवा. त्या दिवशी ट्रायजेमिनल न्युराल्जिया हा शब्द पहिल्यांदा कानावर पडला. मी डॉक्टर नाही, सोलापुरात अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात नोकरी करतो, पण या दोन-अडीच वर्षांत जे आम्हाला उशिरा कळलं ते दुसऱ्या कुणाला लवकर कळावं म्हणून लिहितोय. गोळीचा डोस आणि शेवटचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच.

हे तेच दुखणं आहे का

चेहऱ्याची जाणीव मेंदूकडे नेणारी जी पाचवी नस असते तिला तीन फांद्या, एक कपाळ-डोळ्याकडे, दुसरी गाल आणि वरच्या दातांकडे, तिसरी खालच्या जबड्याकडे. त्रास जास्त करून खालच्या दोन फांद्यांत होतो म्हणून सगळ्यांचा संशय आधी दाढेवर जातो. ओळखायची खूण म्हणजे एकाच बाजूला विजेचा झटका बसल्यासारखी कळ, काही सेकंदांपासून फार तर दोन मिनिटं, मग एकदम शांत, जणू काही झालंच नाही. आणि कळ उठवायला मोठं काही लागत नाही, ब्रश लागला, गार पाण्याचा थेंब लागला, कूलरचा वारा गालावर आला, नुसतं बोललं तरी बास. अर्धशिशीचं डोकं तासन्‌तास दुखतं, हे तसं नाही.

आईचं सांगतो. सोलापूरच्या घरात कडक भाकरी आणि शेंगाचटणी नाही असा दिवस नसतो, तर ही बाई भाकरीचे तुकडे ताकात टाकून अर्धा तास ठेवायची आणि न चावता गिळायची. चहा डाव्या कोपऱ्यातून. बोलणं बंद, हाताने खुणा, पाहुणे आले की आत जाऊन बसायची, लोकांना वाटायचं सुनेशी भांडण झालंय. पुण्यातल्या डॉक्टरांनी तिच्याकडे बघून पहिला प्रश्न विचारला तो असा, "आजी, उजव्या गालाला पाणी लावून किती दिवस झाले?" आम्ही घरात रोज बघत होतो पण डाव्या गालाला पावडर आहे आणि उजवा गाल काळवंडलाय हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं.

एक वही करा. कुठं दुखलं, किती वेळ, काय केल्यावर, दिवसातून किती वेळा. आणि झटका येतो तेव्हाचा मोबाईलवर एक व्हिडिओ काढून ठेवा, कारण डॉक्टरांच्या समोर बसलं की नेमकी कळ येत नाही आणि पेशंट म्हणतो आता बरंय.

दुखणं दोन्ही बाजूंना असेल, चोवीस तास एकसारखं ठणकत असेल, गाल बधिर पडला असेल, त्या बाजूच्या कानाला कमी ऐकू येत असेल, किंवा पेशंट अगदीच तरुण असेल तर ते लगेच सांगा. तिथं गाठ किंवा मल्टिपल स्क्लेरोसिससारखं (मेंदू आणि मणक्यातल्या नसांवरचं कव्हर खराब करणारा आजार) दुसरं कारण असू शकतं आणि त्याची वाट वेगळी.

"नस" या शब्दाने आमचा केलेला घोळ

आपल्या बोलण्यात नस म्हणजे रक्ताची पण आणि संवेदनेची पण, शीर म्हटलं तरी तेच. डॉक्टर म्हणाले नसेवर नस बसलीय, आणि आमच्याकडे नसेवर नस चढली की तेल लावून चोळतात, झालं, मावशीने गावाकडून एका माणसाला बोलावलं. त्याने गाल धरला आणि आई जी किंचाळली ती गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेली. हे चोळायचं काम नाही. ही जागा गालात नाहीच, कानाच्या मागे कवटीच्या आत खोलवर आहे, जिथं पाचवी नस मेंदूच्या बुंध्याला जोडलेली असते.

तिथं होतं काय, तर वय वाढेल तशा रक्तवाहिन्या लांबतात, वाकड्या होतात, आणि लहान मेंदूला वरच्या बाजूने रक्त देणारी धमनी (बहुतेक वेळा तीच असते) या नसेवर टेकते. नाडीच्या प्रत्येक ठोक्याला ती तिथं आपटते, वर्षानुवर्षं. आमच्या कारखान्यात मागाच्या हादऱ्याने वायर एकाच जागी घासत राहिली की वरचं रबर जातं आणि मग नुसता धक्का लागला तरी ठिणगी उडते, तसंच नसेवरचं कव्हर झिजतं आणि गालाला हात लागल्याचा साधा निरोप वेदनेच्या तारेत शिरतो. मी हे आईला असं समजावलं तेव्हा कुठं तिने दाढेचा नाद सोडला.

गोळ्या

क्रोसिन, कॉम्बिफ्लाम, ब्रुफेन यांचा इथं उपयोग नाही. आम्ही गोळ्यांच्या पट्ट्याच्या पट्ट्या संपवल्या, उगाच ॲसिडिटी. यावरची पहिली गोळी कार्बामाझेपिन, मूळची फिटची गोळी, १९६० च्या दशकापासून याला देतात. नाहीतर तिचीच बहीण ऑक्सकार्बाझेपिन. कमी डोसने सुरू करून हळूहळू वाढवतात. लागू पडली की एक-दोन दिवसांत फरक दिसतो आणि तोच निदानाचाही अर्धा पुरावा असतो.

पण ही गोळी लाडाची नाही. झोप येते, तोल जातो, म्हाताऱ्या माणसाला बाथरूमला जाताना धरायला कुणीतरी पाहिजे. रक्तातलं सोडियम उतरतं, त्यात बीपीसाठी लघवी होणारी गोळी चालू असेल तर जास्तच, म्हणून सोडियम, रक्तातल्या पेशी आणि लिव्हर यांच्या तपासण्या डॉक्टर सांगतील तेव्हा करायच्याच. पहिल्या काही आठवड्यांत अंगावर पुरळ, तोंडात फोड, ताप असं काही दिसलं तर थांबून बघायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरांकडे, कारण ही रिॲक्शन क्वचित पण जीवघेणी होऊ शकते आणि आशियातल्या काही लोकांच्या जनुकांमुळे तिचा धोका वाढतो, म्हणून काही डॉक्टर गोळी सुरू करायच्या आधीच रक्ताची एक टेस्ट करायला लावतात. एरवी मात्र गोळी आपल्या मनाने एकदम बंद करायची नाही.

ऑपरेशनची चौकशी कधी करायची

मला सगळ्यात जास्त हेच सांगायचंय. गोळी मस्त लागू पडतीय तेव्हाच चौकशी करा. आम्ही उलटं केलं. पहिलं वर्ष आई खुश, भाकरी चावून खायला लागली, आम्ही फाईल माळ्यावर टाकली. दुसऱ्या वर्षी डोस वाढत गेला, ती दिवसभर पेंगायची, सोडियम उतरलं, मोरीत पडली, नशिबाने हाड वाचलं. मग जानेवारीत, सिद्धेश्वराच्या गड्डा जत्रेच्या दिवसांत, गार वारं सुटलं आणि गोळीला न जुमानता सुरू झालं. चार दिवस तोंडात पाण्याचा घोट नाही, सलाईनवर, "बाबा, मला मारून टाका पण हे थांबवा" असं म्हणायला लागली. त्या अवस्थेत माणूस कुठल्याही कागदावर सही करतो. एका ठिकाणी तर जुना साधा एमआरआय बघूनच उद्या सकाळी घेतो म्हणाले, आणि आम्ही हो म्हणणारच होतो, माझ्या बायकोने नको म्हणून अडवलं म्हणून बरं.

म्हणजे दुखणं आटोक्यात असताना दोन सर्जनना भेटा, एमआरआय करून ठेवा, पैशाचं बघा, आणि मग वाटलं तर ऑपरेशन करूही नका. ज्याला थोड्या गोळीत आराम आहे आणि गोळी सोसतेय त्याने घाईने कवटी उघडायचं काही कारण नाही. गोळी पुरत नसेल किंवा गोळीनेच माणूस झोपून राहायला लागला असेल तर वेळ झाली समजा.

एमआरआय सांगताना

साध्या एमआरआयमध्ये एवढी बारीक गोष्ट नीट दिसत नाही. ट्रायजेमिनल नसेचा बारीक कापांचा, फिएस्टा किंवा सिस नावाचा सिक्वेन्स आणि सोबत रक्तवाहिन्यांचा अँजिओ असं चिठ्ठीवर स्पष्ट लिहून घ्या, जमलं तर ३ टेस्लाच्या मशीनवर. रिपोर्टच्या कागदापेक्षा सीडी महत्त्वाची, सर्जन स्वतः स्क्रीनवर बघतात. आणि एक लक्षात ठेवा, अजिबात दुखत नसलेल्या माणसांच्या एमआरआयमध्येही धमनी नसेला टेकलेली दिसू शकते, म्हणजे नुसत्या फिल्मवरून ऑपरेशन ठरत नाही, दुखण्याची कहाणी आणि फिल्म दोन्ही जुळायला लागतात.

डोक्याच्या आत नक्की काय करतात

ऑपरेशनचं नाव मायक्रोव्हॅस्क्युलर डीकंप्रेशन, सगळे एमव्हीडी म्हणतात. नसेवर धमनी टेकलेली असते हे बाल्टिमोरच्या वॉल्टर डँडी यांनी १९३० च्या दशकातच बघितलं होतं, पण तेव्हा ऑपरेशनला मायक्रोस्कोप नव्हता. पीटर जॅनेटा यांनी १९६० च्या दशकात मायक्रोस्कोप लावून ही पद्धत बसवली आणि पुढं पिट्सबर्गला हजारो पेशंट केले.

पूर्ण भूल देतात. दुखरी बाजू वर करून कुशीवर झोपवतात, डोकं हलू नये म्हणून पिनांच्या चिमट्यात धरतात (नंतर कपाळावर पिनांच्या बारीक खुणा दिसतात, आम्ही बघून घाबरलो होतो, चार-सहा दिवसांत जातात). कानाच्या मागचे थोडेच केस काढतात, पूर्ण टक्कल नाही, आईने आधी हेच विचारलं होतं. कानामागे चीर, हाडाला साधारण रुपयाच्या नाण्याएवढं भोक, मेंदूवरचा पडदा उघडून आतलं पाणी थोडं काढून टाकतात म्हणजे लहान मेंदू आपोआप सैल पडतो आणि त्याला हलकेच बाजूला घेता येतं. मग मायक्रोस्कोपखाली नस शोधायची, धमनी अलगद सोडवून उचलायची आणि दोघींच्या मध्ये टेफ्लॉनचा कापसासारखा तुकडा सरकवायचा. हो, नॉनस्टिक तव्यावर असतं तेच टेफ्लॉन, शेजारच्या काकू महिनाभर हसत होत्या. नस कापत नाहीत, जाळत नाहीत, म्हणून गालाची जाणीव शाबूत राहते, आणि बाकीच्या उपायांपेक्षा मोठा फरक तोच. कानाची नस अगदी शेजारी असते, तिला इजा होतेय का हे चालू ऑपरेशनमध्ये मशीनवर बघत राहतात.

यश किती? पिट्सबर्गच्या टीमने १९९६ मध्ये ११८५ पेशंटचा हिशोब छापला, त्यात दहा वर्षांनंतर ७० टक्के लोक गोळीशिवाय बिनदुखीचे होते. दोघांचा मृत्यू झाला होता आणि साधारण १ टक्का लोकांचं त्या बाजूचं ऐकणं गेलं. म्हणजे चांगलं आहे, पण शंभर टक्के कुणी सांगत असेल तर खुर्ची मागे सरकवा. बाकीचे धोके म्हणजे मेंदूतलं पाणी गळणं, मेनिंजायटिस (मेंदूवरच्या पडद्याला सूज), गाल बधिर होणं, तोंड वाकडं होणं, क्वचित रक्तस्राव किंवा स्ट्रोक.

सर्जनला विचारायचे प्रश्न कागदावर लिहून न्या. तुम्ही हे ऑपरेशन वर्षाला किती करता? कानाचं मॉनिटरिंग करता का? आत गेल्यावर टेकलेली धमनी सापडलीच नाही तर काय करणार? (काही जण अशा वेळी नसेचे धागे विंचरतात किंवा थोडा भाग कापतात, त्यात बधिरपणा येतो, ते आधी माहीत पाहिजे.) धमनी नसून व्हेन (हृदयाकडे रक्त परत नेणारी वाहिनी) असेल तर? चिडणारे डॉक्टर भेटतात, पण आमचे सर्जन चिठ्ठीच्या पाठीमागे दोन रेघा काढून बसले, एक नस, एक धमनी, मध्ये पेनाने ठिपका, आणि आईला म्हणाले, "एवढंच करायचंय आजी, पण ते खोल विहिरीत हात घालून करायचंय."

ऑपरेशन नको असेल तर

वय फार असेल, हार्ट कमजोर असेल, भूल झेपणार नसेल तर गालातून सुई घालून नसेला शेक देणं (रेडिओफ्रिक्वेन्सी), ग्लिसरॉलचं इंजेक्शन, किंवा फुगा फुगवून नस दाबणं असे मार्ग आहेत. दवाखान्यात एखादा दिवस, आराम लवकर, पण गाल कमी-जास्त बधिर होतो आणि काही वर्षांत दुखणं परतायची शक्यता जास्त. गॅमा नाईफमध्ये चिरफाड अजिबात नाही, नेम धरून रेडिएशन, पण आराम यायला काही आठवडे ते महिने लागतात, तोवर गोळ्या चालूच. नुसतं वय बघून मात्र एमव्हीडी बाद करू नका, तब्येत धडधाकट असेल तर सत्तरीतल्या लोकांचंही करतात.

पैसे आणि प्रवास

आधी सिव्हिलला किंवा इथल्याच न्यूरोसर्जनना दाखवा. पुण्याला जायचंच असं काही नाही, सर्जनचा या ऑपरेशनवर हात किती बसलाय ते बघायचं. योजनेतून करायचं असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या यादीतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसलेला असतो, त्याला रेशन कार्ड आणि आधार दाखवून हे ऑपरेशन त्या दवाखान्यात बसतंय का ते विचारा, मंजुरी ऑपरेशनच्या आधी घ्यायची असते, नंतर पळापळ करून उपयोग नाही. मेडिक्लेम असेल तर तेच. खर्चाचा अंदाज लेखी घ्या आणि त्यात आयसीयूचे दिवस, मॉनिटरिंग, भूल, औषधं धरलीत का ते एकेक करून विचारा, नाहीतर पॅकेज एक आणि बिल भलतंच.

सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला जाणार असाल तर खिडकीची सीट पेशंटला देऊ नका, वाऱ्याने जीव जाईल. एसी डब्यात वरून येणारा गार झोत बघा. आई दुखऱ्या गालावर मऊ ओढणी सैल धरून बसली होती, घट्ट बांधली तर त्यानेच कळ उठायची.

रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर कधी बंद करायची ते सर्जन आणि हार्टवाले दोघांना विचारून ठरवा. शुगर, बीपी ताब्यात पाहिजे. न्युराल्जियाची गोळी ऑपरेशनच्या सकाळी घ्यायची की नाही हेही आधीच विचारा, आम्ही विसरलो आणि रात्री अकराला ड्युटीवरच्या डॉक्टरांना शोधत फिरलो.

नंतरचे दिवस

आईचं साडेतीन तास चाललं, एक रात्र आयसीयू, पाचव्या दिवशी घरी. शुद्धीवर आल्यावर तिने पहिलं काम काय केलं तर एका बोटाने गालाला हळूच हात लावला, मग दोन बोटांनी, मग अख्खा तळवा ठेवून तशीच पडून राहिली. सगळ्यांना असं लगेच होतं असं नाही, काहींना आराम यायला काही दिवस ते आठवडे लागतात.

पहिले दोन-तीन दिवस डोकं जड, चक्कर, मळमळ हे चालायचंच. कानात दडा बसल्यासारखं वाटतं तेही बहुतेक वेळा आपोआप जातं. लक्ष ठेवायचं ते दुसऱ्याच गोष्टींवर. नाकातून किंवा जखमेतून पाण्यासारखं काही गळणं, घशात खारट चव उतरणं, ताप आणि मान आखडणं, तोंड वाकडं होणं, डोळा नीट न मिटणं, यातलं काहीही दिसलं तर रात्र काढू नका, फोन करा आणि निघा.

परतीला ट्रेनपेक्षा गाडी बरी पडली, मानेला उशी, भिगवणला एकदा आणि टेंभुर्णीला एकदा थांबलो, आणि ड्रायव्हरला आधीच सांगितलं की स्पीडब्रेकरवर गाडी जवळजवळ थांबवायची. घरी आल्यावर महिना-दीड महिना वाकून झाडू, पाण्याची घागर, जोर लावून काही उचलणं बंद. बद्धकोष्ठ होऊ द्यायचं नाही, कुंथलं की डोक्यात दाब वाढतो. टाके साधारण आठ-दहा दिवसांनी निघतात, तोवर जखम कोरडी, आणि जे बघायला येतील त्यांना डोक्याला हात लावू देऊ नका, आपल्याकडे आशीर्वाद द्यायला लगेच हात पुढे येतो.

गोळ्या आराम पडला म्हणून दुसऱ्या दिवशी फेकायच्या नाहीत. डॉक्टर उतरता तक्ता देतात, काही आठवड्यांत कमी करत आणतात. आम्ही तक्ता फ्रिजवर चिकटवून रोज टिक मारायचो.

आणि परत कळ आली तर? येऊ शकते, जास्त करून पहिल्या दोन वर्षांत. एखादी चमक आली म्हणजे सगळं वाया गेलं असं नाही, कधी थोड्या गोळीवर भागतं, नाही भागलं तर परत एमआरआय, आणि त्यात काही दिसलं तर दुसऱ्यांदाही ऑपरेशन करता येतं किंवा सुईचा मार्ग असतोच. त्या वेळी जुनी सीडी आणि ऑपरेशनची नोट नव्या डॉक्टरांना लागते, नुसतं डिस्चार्ज कार्ड पुरत नाही, ऑपरेशन नोटची कॉपी मागून घ्या, न मागता देत नाहीत. आमची कपाटात चादरींच्या घडीखाली ठेवलीय, वर मार्करने तारीख आणि "उजवी बाजू" असं लिहून.